शिकवणारीचा पगार कोण देणार?
म्हसवडच्या बायकांनी बँक काढायची ठरवली, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला. त्यावर सह्यांऐवजी अंगठे होते. अक्षरं गिरवून त्या पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या, व्याज तोंडी काढून दाखवतो म्हणाल्या, आणि चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. बँकेचं कर्ज व्याजासह परत येतं. पण कर्जदार बाईला भाव कसा काढावा, उधारी कशी लिहावी हे शिकवण्याचा खर्च परत येत नाही, तो बहुतेक देणग्यांतूनच भागवावा लागतो. म्हणून छोट्या उद्योजकांच्या पाठीशी उभ्या असलेल्या संस्थांत निधी उभारणाऱ्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला लावले, हे चांगलंच झालं. मात्र देणाऱ्याला शिलाई मशीन द्यायला आवडतं. बाजाराच्या दिवशी जाऊन वही तपासणाऱ्या कार्यकर्तीचा पगार द्यायला तो कचरतो. परदेशी देणगीतून करायच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादाही २०२० मध्ये पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. अशा वेळी निधीप्रमुखानं देणगीदारासमोर ठामपणे सांगायला हवं, की हा पगार म्हणजेच मुख्य काम आहे, आणि एका वर्षाचा नव्हे, निदान तीन वर्षांचा शब्द मागायला हवा. धंद्याचं पहिलं वर्ष तर कुठल्या महिन्यात गिऱ्हाईक आटतं, एवढं कळण्यातच जातं.