आधी काटा, मग गोठा

दिवाळीच्या पाडव्याला सिंधुदुर्गात गुरांचा मान मोठा. गाई-बैलांना आंघोळ घालायची, गळ्यात झेंडूच्या माळा, मग ओवाळणी आणि गोडाधोडाचा घास. शेळी आणि कोंबडी त्या दिवशी बाजूला उभ्या राहून बघतात. त्यांचा मान वेगळ्या दिवशी असतो आणि तो त्यांना परवडणारा नसतो. देवाची राखण, शिमगा, गटारी, गावची जत्रा आणि आता बारमाही पर्यटकांच्या ताटातले कोंबडी-वडे.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तेव्हापासून मालवणच्या किनाऱ्यावर खानावळी वाढत गेल्या, पण त्यांच्यासाठी लागणाऱ्या अंड्यांचा आणि ब्रॉयलरचा मोठा हिस्सा अजूनही घाटावरूनच उतरतो. ‘गावठी’ म्हणून वाढलेली कोंबडी गावचीच असेल याची खात्री कोणी मागत नाही, हे एका परीने बरेच आहे. किनाऱ्यापासून आत, कट्ट्यासारख्या बाजाराच्या गावाभोवतालच्या वाड्यांत मात्र परड्यात दहा-पंधरा कोंबड्या आणि मांगरात तीन-चार शेळ्या असणे नवे नाही. माल आहे, गिऱ्हाईक आहे. मधला धागा तेवढा तिसऱ्याच्या हातात आहे.

तो तिसरा दुष्ट असतो असे मुळीच नाही. घरात कोणी आजारी पडले, चतुर्थीचा खर्च आला, शाळेची फी भरायची राहिली की निरोप जातो आणि माणूस रोख घेऊन दारात येतो. बोकडाच्या पाठीवरून हात फिरवतो, कंबर दाबून बघतो, आकडा सांगतो. सौदा उक्ता, नजरेचा. पंचवीस किलोचा बोकड वीसचा ठरला तरी विकणारीला ते कळायला मार्ग नसतो. ‘बकरो केवढ्याक गेलो?’ असे शेजारी विचारतात. किती किलोचा गेला, असे कोणी विचारत नाही.

सहकाराचा विषय निघाला की महाराष्ट्र दुधाकडे बोट दाखवतो. १९६३ मध्ये सुरू झालेला कोल्हापूरचा ‘गोकुळ’ संघ समोर आहे, मग शेळीचे का जमू नये? उत्तर मालाच्या स्वभावात आहे. दूध नासते, म्हणून उत्पादक रोज दोन वेळा डेअरीच्या दारात उभा राहतो आणि त्या रोजच्या फेरीतून संस्थेशी नाते बांधले जाते. शेळी नासत नाही. ती वर्षातून एकदा-दोनदा विकली जाते, तीही अडचणीत. वर्षभर भेट नसलेल्या संस्थेकडे त्या अडचणीच्या दिवशी कोण जाणार? म्हणून शेळीच्या संस्थेने विक्रीपासून सुरुवात केली की ती बहुधा बसते. जंतनाशक, पीपीआर आणि आंत्रविषाराची लस, खुराक, अडल्या वेळी थोडी उचल, या वाटेने वर्षभर दारात जाणारी संस्था असेल तरच बोकड तिच्या काट्यावर चढेल.

सिन्नरच्या दुष्काळी गावांत ‘युवा मित्र’ संस्थेच्या पाठबळाने उभी राहिलेली महिलांची सावित्रीबाई फुले गोट फार्मिंग प्रोड्युसर कंपनी याच वाटेने गेली. गावातलीच प्रशिक्षित पशुसखी घरोघर फिरते आणि त्यातून पुढचे व्यवहार जुळतात. माण तालुक्यात म्हसवडच्या ‘माणदेशी’नेही शेळ्यांच्या कृत्रिम रेतनासाठी बायकांनाच तयार केले.

कोंबडीचा धडा मध्य प्रदेशातल्या केसलाकडून घ्यावा. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या या आदिवासी पट्ट्यात ‘प्रदान’ संस्थेने १९८०च्या दशकाच्या अखेरीस बायकांबरोबर काम सुरू केले. प्रत्येकीच्या घराजवळ काहीशे पक्ष्यांची छोटी शेड. पिल्ले आणि खाद्य सहकारी संस्थेचे, विक्रीही संस्थेची, ‘सुखतवा चिकन’ या नावाने. खरी मेख पैसे चुकवण्याच्या पद्धतीत आहे. बाईला बाजारभावाप्रमाणे नव्हे, तर कामगिरीप्रमाणे मोबदला मिळतो: किती खाद्यात किती वजन भरले, मरतूक किती झाली. बाजार कोसळला तर तो फटका संस्था आपल्या गंगाजळीवर घेते, चढला तर गंगाजळी भरते. २००६च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला आणि २०२०च्या आरंभी कोरोनाच्या अफवेने चिकनचे भाव मातीमोल झाले, ते दिवस ज्यांनी पाहिले त्यांना या तजविजीचे मोल वेगळे सांगायला नको. चार शेळ्यांच्या घराने मेहनतीचा धोका घ्यावा. भावाचा धोका त्याच्या खांद्याला पेलत नाही.

याच्या उलटे उदाहरण आपल्याच राज्यातले. २०१९मध्ये सांगलीच्या इस्लामपूर भागातून कडकनाथ कोंबडीचे प्रकरण उघडकीला आले. पैसे भरा, पिल्ले घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेऊ, असा तो करार. खाणारे गिऱ्हाईक या साखळीत फारसे कुठे दिसतच नव्हते. नवा शेतकरी हेच गिऱ्हाईक. हजारो शेतकऱ्यांचे पैसे अडकले, फसवणुकीचे गुन्हे दाखल झाले. तिथे शेतकऱ्यांपाशी कोंबड्या होत्या, पण हिशेबाची वही नव्हती.

उत्पादक कंपनीचा कायदा २००३ पासून आहे. किमान दहा उत्पादक हवेत, भाग कितीही असोत, मत एकच. २०२०मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी कंपन्यांची योजना आणली: मैदानी भागात किमान ३०० सभासद, डोंगराळ भागात १००, आणि व्यवस्थापनासाठी तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत मदत. नोंदणी त्यामुळे सोपी झाली, अंमळ जास्तच सोपी. पाटी आहे आणि व्यवहार नाही, अशा कंपन्या कुठल्याही जिल्ह्यात सापडतील.

राष्ट्रीय पशुधन अभियानात ५०० शेळ्या आणि २५ बोकडांच्या प्रकल्पाला ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. योजनेच्या डोळ्यांपुढे मोठा गोठा दिसतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा ओलीत पाचशे जनावरे एकत्र कोंडली की खुरसडा आणि फुप्फुसदाह यांना आमंत्रणच. त्याच पाचशे शेळ्या शंभर घरांत पाच-पाच राहिल्या तर चारा परड्यातला, फणसाचा पाला फुकट आणि रोगाला पसरायला अंतर. बोकड तेवढे सामाईक हवेत. आज होते असे की गावातला सर्वांत दणकट बोकड सर्वांत आधी विकला जातो आणि उरलेला किरकोळ बोकड पुढची पिढी घडवतो. ‘कोकण कन्याळ’ ही तोंडावर पांढरे पट्टे असलेली, इथल्या पावसाला सरावलेली उंच शेळी सिंधुदुर्गाचीच. तिच्यावर कृषी विद्यापीठाच्या निळेली केंद्रात काम झाले आहे. चांगले कन्याळ बोकड घेऊन दर दोन वर्षांनी वाडी बदलून फिरवणे, हे एकट्या घराला जमणारे नाही.

पंचांगही सोबतीला आहे. बकरी ईद २०२५ साली ७ जूनला होती आणि दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. म्हणजे पुढली काही वर्षे मोठी मागणी पावसाच्या तोंडावर नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी येईल. कुर्बानीचा बोकड वर्षाचा लागतो, शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा. हे गणित मांडून वाडीने एकत्र विक्री केली तर मृगापूर्वी गोठा हलका होतो आणि पावसाळ्याची मरतूक टळते.

कट्ट्यात हे अशक्य नाही. बॅ. नाथ पै यांच्या नावाचे सेवांगण मालवणात आहे तसे कट्ट्यातही आहे, बचतगट घरोघर पोचले आहेत. अडचण सातबाराची. कोकणात एका उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत, आणि शेळ्या राखणारीचे नाव बहुधा नाहीच. कंपनीच्या भागाला उत्पादक असणे पुरते, जमिनीचा मालक असावे लागत नाही. तो भाग तिच्या नावाने निघू शकतो.

राहिला व्यवस्थापकाचा पगार. सरकारी मदत तीन वर्षांनी संपते, तिथेच बहुतेक संस्था गळपटतात. ढोबळ हिशेब असा: शंभर घरांतून वर्षाला सहाशे जनावरे, सरासरी वीस किलो, म्हणजे बारा हजार किलो. किलोमागे वीस रुपये संस्थेला ठेवले तर दोन लाख चाळीस हजार, महिन्याला वीस हजार. गावातल्या पदवीधर मुलीला मुंबई-गोव्याची वाट न धरता टिकायला एवढे निदान सुरुवातीला पुरावे. हे वीस रुपये सभासदांना जड वाटतील की नाही, ते पहिल्या हंगामात नजरेचा भाव आणि काट्याचे वजन शेजारी-शेजारी लिहून ठेवले की दिसेल. टांगता काटा काही हजारांत येतो. त्यासाठी अनुदानाच्या मंजुरीची वाट पाहायचे कारण नाही.