विश्लेषण : अलाइनर घरपोच येतील, पण दात तपासणार कोण?

‘तारा न लावता सरळ दात, तेही सोप्या हप्त्यांत!’ ही जाहिरात तुमच्याही फीडमध्ये आली असेल. पारदर्शक अलाइनरने दात सरळ होऊ शकतात, यात शंका नाही. प्रश्न आहे तो डॉक्टरांनी तोंड न तपासताच ते घेण्याचा. अमेरिकेतल्या ‘स्माइलडायरेक्टक्लब’च्या ग्राहकांना त्याचा फटका बसला.

नेमकं काय झालं?

2014 मध्ये सुरू झालेली ही कंपनी दातांचा साचा घरीच घेण्याचं किट पाठवायची. डॉक्टर ऑनलाइन मंजुरी देत आणि अलाइनर कुरिअरने येत. सप्टेंबर 2019 मध्ये ती शेअर बाजारात उतरली, तेव्हा तिचं मूल्य सुमारे 8.9 अब्ज डॉलर होतं. सप्टेंबर 2023 मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि डिसेंबरमध्ये टाळं लागलं. उपचार अर्ध्यावर असलेल्यांना जवळचा डेंटिस्ट गाठायला सांगण्यात आलं. हप्ते मात्र भरत राहा, असंही कळवलं!

तपासणी इतकी महत्त्वाची का?

दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये तंतूंचा पातळ थर असतो. दातावर सतत हलका दाब दिला की एका बाजूचं हाड झिजतं आणि दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. म्हणून दात महिन्याला साधारण 1 मिलिमीटरच सरकतो. म्हणजे बदल फक्त दातात नाही, हाडातही होतो. हिरड्यांचा आजार असताना असा दाब दिला, तर दात सैल होऊ शकतात. मुळांची स्थिती किंवा हाडात अडकलेला दात फोटोत दिसत नाही, त्यासाठी एक्स-रे लागतो.

पैसे भरण्याआधी काय विचाराल?

- उपचार ऑर्थोडॉन्टिस्ट करणार का? भारतात त्यासाठी बीडीएसनंतर तीन वर्षांचं एमडीएस लागतं.
- एक्स-रे आणि हिरड्यांची तपासणी होणार का?
- दर काही आठवड्यांनी प्रत्यक्ष कोण बघणार?
- कंपनी बंद पडली तर उपचार आणि हप्त्यांचं काय?
- रिटेनरचा खर्च धरला आहे का? तो वापरला नाही, तर दात पुन्हा जुन्या जागी सरकू लागतात.

अलाइनर असो वा तारा, निवड नंतर करा. आधी डॉक्टरांच्या खुर्चीत बसा.