थंडीतले जीव

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडची द्राक्षं शून्य अंशाजवळच्या शीतगृहात ठेवली, तरी बोट्रायटिस ही करडी बुरशी तिथेही वाढते. थंडीने सूक्ष्मजीव सहसा मरत नाहीत, मंदावतात. काहींना तर ती मानवतेच. उंचावरच्या गोठवणाऱ्या हवेतही जीव सापडतात. २००५ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या इस्रोच्या महाकाय फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा खाली आणली. हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थांमध्ये तिच्यातले जिवाणू वाढवून त्यांचे जनुकक्रम तपासले गेले, आणि तीन नव्या प्रजाती हाती लागल्या. एकीला आर्यभटांचं नाव मिळालं. प्रयोगशाळेच्या बशीत न वाढणारे कितीतरी जीव केवळ जनुकक्रमातून कळतात. पण त्यांचे गुण पारखायला जिवंत जिवाणूच हातात असावा लागतो. दोन्ही वाटा हव्यात. नाशिकच्या महाविद्यालयांतील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांनी अशा जीवांच्या शोधाची सुरुवात आपल्याच शीतगृहांपासून करावी.