डोकेदुखी हा आजारच आहे!

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादनासाठी येणारा आपला माणूस नागपूर, अकोला, नांदेडहून अनारक्षित डब्यात रात्र काढून दादरला उतरतो. झोप नाही, पोटात धड अन्न नाही, पाणी बेताचेच. त्यात तासन् तास रांग, ऊन, शिवाजी पार्कची धूळ आणि चोहोबाजूंनी कर्णे. महापालिकेच्या वैद्यकीय कक्षापुढे 'डॉक्टर, डोकं फुटतंय' हे शब्द कानी पडले नाहीत असे वर्ष आम्हाला आठवत नाही. गोळी मिळते, माणूस पुढे सरकतो. परंतु यांतल्या अनेकांची डोकेदुखी ६ डिसेंबरची नसते, वर्षभराची असते, आणि वर्षभर तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

आपल्याकडे जिला अर्धशिशी म्हणतात ती मायग्रेन हा मेंदूचा आजार आहे. तो पुष्कळदा घराण्यात चालत आलेला असतो. डोक्याची बहुधा एक बाजू ठणकते, मळमळते, उजेड नि आवाज सोसवत नाही, जिना चढला तरी ठणका वाढतो. औषध न घेतल्यास मोठ्या माणसात हे ४ ते ७२ तास चालते. काहींच्या डोळ्यांपुढे आधी नागमोडी रेषा चमकतात. उपाशी राहणे, झोपमोड, ऊन, गोंगाट, मासिक पाळी ही झटका येण्याची नेहमीची निमित्ते. डोक्याला पट्टा आवळल्यासारखी दुखते ती तणावाची डोकेदुखी वेगळी. ती याहूनही अधिक आढळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात ३१० कोटी लोकांना डोकेदुखीचा कोणता ना कोणता विकार होता. म्हणजे दहांतले चार. तरीही आपण याला आजार मानायला तयार नाही!

सर्वात जास्त अन्याय बाईवर होतो. प्रौढांत अर्धशिशी पुरुषांपेक्षा बायकांत दुप्पट-तिप्पट आढळते, आणि घरात तिला ऐकावे काय लागते? 'कामाच्या वेळीच बरं हिचं डोकं उठतं.' वकिली करताना नवऱ्यांच्या अर्जांत हे वाक्य आम्ही आरोप म्हणून लिहिलेले वाचले आहे. ती बिचारी डोक्याला फडके घट्ट बांधून चार घरची धुणीभांडी करते, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. मग दुकानातून सुटी गोळी आणणे हाच तिचा दवाखाना होतो.

या गोळीबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात सॅरिडॉनही होती. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदीतून वगळली. न्यायालयात कंपनी जिंकली म्हणून गोळी रोज खाण्याजोगी ठरत नाही. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीमुळेच डोके दुखू लागते. दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणे, असे हे चक्र आहे. पोट नि मूत्रपिंड बिघडते ते वेगळेच. झटका सुरू होताच योग्य मात्रेत औषध घ्यावे. महिन्यात चार-पाच वेळा झटके येत असतील, तर ते येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची औषधे असतात. ती डॉक्टरनेच ठरवायची. प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला चालत नाही, व्हॅल्प्रोएट गर्भवतीला चालत नाही. शेजारणीची चिठ्ठी वापरू नये.

मुलांचे दुखणे तर 'शाळा चुकवण्याचे नाटक' म्हणून मोडीत निघते. मुलांत अर्धशिशी बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंना होते, कमी वेळ टिकते. मूल पांढरेफटक पडते, पोट दुखते म्हणते, झोपून उठले की खेळायला पळते. म्हणून ते खोटे ठरत नाही. पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन वजनाप्रमाणे, डॉक्टरला विचारून द्यावे. ॲस्पिरिन देऊ नये. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुलांना दिली जाणारी दोन रोजची औषधे खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून ठरलेल्या वेळी झोप, सकाळी खाऊन शाळेत जाणे, पुरेसे पाणी यांचे मोल मोठे. डोळे जरूर तपासा, पण चष्म्यानंतरही दुखले तर तिथेच थांबू नका. आणि अंगारा, उतारा, मंत्राने अर्धशिशी उतरवणे? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या राज्यात तरी हे बंद व्हावे.

काही डोकेदुख्या मात्र वाट पाहत नाहीत. क्षणात उसळलेली भयंकर वेदना, ताप नि मान ताठरणे, एक हात-पाय लुळा पडणे, जीभ अडखळणे, अचानक अंधारी, गरोदरपणात नव्याने उठलेले जोरदार दुखणे, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले, पहाटे उलटीसह दिवसेंदिवस वाढणारे, डोक्याला मार लागल्यानंतरचे. यांत तडक रुग्णालय गाठावे. रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या हकीम शेख यांना कोलकात्याच्या एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून परत पाठवले होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कलम २१ चा भंग ठरवला. हा निकाल आपल्या कार्यकर्त्यांच्या खिशात असावा.

परळचे केईएम, शीवचे टिळक रुग्णालय, मुंबई सेंट्रलचे नायर येथे मेंदूविकाराचे विभाग आहेत. पण नांदेडच्या बाईला ते कोण सांगणार? शिवाजी पार्कवरच्या कक्षात गोळीबरोबर तिच्या जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयाच्या नावे चिठ्ठी दिली जावी, ही आमची महापालिकेकडे मागणी आहे. आणि आपल्या संघटनांकडे दुसरी. याच मैदानाला उच्च न्यायालयाने २०१० साली शांतता क्षेत्र ठरवले. निदान वैद्यकीय कक्ष आणि महिलांच्या विश्रांती मंडपाकडे तोंड करून एकही कर्णा लावू नये. नोव्हेंबरच्या तयारी बैठकीत हे दोन्ही विषय घ्यावेत.