मुलाखत घेणारा साडेदहा तास मागे

अमेरिकेतल्या विद्यापीठात पदवीसाठी अर्ज केलेल्या मुलांना हिवाळ्याच्या तोंडाशी एक मेल येतो आणि घरात बोर्डाची परीक्षा असल्यासारखी कुजबुज सुरू होते. मेल धाडणारा त्या विद्यापीठाचा माजी विद्यार्थी असतो. त्याला अर्जदाराशी तास-अर्धा तास गप्पा मारायच्या असतात. तो राहतो न्यू जर्सीत, फार तर मुंबईत, आणि आपली भाची सांगलीत. "मुंबईत असेल तर रात्रीच्या गाडीने गाठू की!" हे आमच्या दाजींचं पहिलं वाक्य.

गाठायची काही गरज नसते. 2020 च्या साथीपासून या मुलाखती सर्रास व्हिडिओवर होतात. समोरच्याने भेटायचं सुचवलं तरी "मी लांब राहते, ऑनलाइन चालेल का?" असं सरळ विचारावं. त्यात उद्धटपणा नाही. भेट ठरलीच तर ती कॅफेत किंवा ऑफिसात, कुणाच्या घरी नको. ऑक्सफर्डच्या मुलाखतीही आता ऑनलाइनच होतात, पण तिथे समोर प्राध्यापक असतात आणि ते गणितं घालतात. ते प्रकरण निराळं.

खरा घोळ घड्याळाचा. न्यू जर्सीत सकाळचे 9 म्हणजे ऑक्टोबरात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, की तेच 9 आपले साडेसात होतात. म्हणून उत्तरात दोन्हीकडची वेळ लिहावी, तारखेसकट. वायफाय दगा देईल हे गृहीत धरून फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवावा आणि लाइनच गेली तर काय करायचं तेही आधीच कळवून टाकावं.

एवढी तयारी सगळेच करतात. समोर बसलेला माणूस कोण, हे मात्र कुणी नीट समजून घेत नाही. हे काम तो हौसेने, बिनपगारी करतो. बहुतेक ठिकाणी त्याला मुलीचे गुण आणि निबंध दाखवलेलेच नसतात. प्रवेश द्यायचा की नाही, हे त्याच्या हातात नसतं. तो फक्त एक टिपण लिहून पाठवतो. मुलाखतीचं बोलावणंच आलं नाही तरी अर्जाचं नुकसान होत नाही, असं विद्यापीठं स्पष्ट सांगतात. आपल्याकडे यावर कुणाचा विश्वास बसत नाही, ते सोडा.

या पद्धतीचा पूर्वेतिहास काही गोंडस नाही. 1922 मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थ्यांची संख्या आवरायची होती. त्या दशकात तिथल्या बड्या विद्यापीठांनी गुणांबरोबर 'चारित्र्य' तपासायला सुरुवात केली आणि त्या तपासणीचं एक हत्यार होतं मुलाखत. गंमत पुढे आहे. 2018 मध्ये हार्वर्डवरच्या खटल्यात वादींनी आकडेवारी मांडली. प्रवेश कार्यालयाने आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वासाठी गोऱ्या मुलांपेक्षा कमी गुण दिले होते आणि त्यातल्या बहुतेकांना कार्यालय कधी भेटलंही नव्हतं. जे मुलांशी समोरासमोर बोलले होते, त्या माजी विद्यार्थ्यांच्या गुणांत हा फरक जवळजवळ नव्हता. हे वाचल्यापासून मला तो लांबचा अनोळखी माणूस आपलाच वाटू लागला आहे.

दाजींनी मुलीकडून ऑलिंपियाड, नाट्यवाचन, वृक्षारोपण असं सगळं घोकून घेतलं होतं. मी म्हटलं, आयर्विन पुलाचं सांग. सांगलीत कृष्णेचं पाणी त्या पुलाशी मोजतात. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. 2019 च्या ऑगस्टात ते 57 च्याही वर गेलं. तेव्हा ही शाळकरी पोर, कोयनेतून किती क्युसेक सोडले आणि इथे पातळी किती तासांनी चढली, याच्या नोंदी वहीत करत बसली होती. घरच्यांना तो वेडेपणा वाटला. ही वही अर्जात कुठेच नव्हती! न्यू जर्सीच्या माणसाने नेमकं त्यावरच खोदून खोदून विचारलं. मग तिनेही विचारलं, तुमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलीला नदीवर काम करायला मिळेल का? आपल्याकडची पोरं शेवटी "नो क्वेश्चन्स, सर" म्हणून मोकळी होतात. त्याला मात्र आपल्या कॉलेजबद्दल बोलायचीच हौस असते.

दुसऱ्या दिवशी चार ओळींचा आभाराचा मेल गेला. दाजींचा मसुदा दीड पानांचा होता आणि त्यात 'रिस्पेक्टेड सर' तीनदा होतं. भाचीने तो वाचला, हसली आणि आपला स्वतःचा लिहिला.