चाकं मोजू नका, वेग मोजा

परवा शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर समृद्धी महामार्गाचा ड्रोनने काढलेला व्हिडिओ आला. मागे सनई वगैरे. बघून खरंच ऊर भरून आला. मी एवढंच विचारलं, "यावरून मोटरसायकल नेता येते का रे?" एका वर्गमित्राचं लगेच उत्तर, "बंदी आहे, आणि असायलाच पाहिजे. तू तुझ्या जर्मनीतल्या गप्पा तिकडेच ठेव." त्यावर अकरा अंगठे. गंमत म्हणजे त्या अकरापैकी नऊ जणांच्या घरात आजही स्कूटर नाहीतर बाईक आहे.

तर मंडळी, जर्मनीतल्या गप्पाच सांगतो. फुशारकीच्या नाहीत, रडगाण्याच्याच आहेत. पुण्यात अकरा वर्षं बुलेट चालवून मी श्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला आलो, आणि गेली काही वर्षं माझ्या शौकाची इथे जी शोभा चालली आहे ती ऐकाच.

आधी लायसन्स. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून फक्त सहा महिने गाडी चालवता येते. पुढे लेखी परीक्षा, रस्त्यावरची परीक्षा, सगळं नव्याने. मी म्हटलं, ताम्हिणी, वरंधा, आंबोली केलेला माणूस मी, मला काय शिकवणार? परीक्षेत तुम्ही पुढे बाईकवर, मागून गाडीत परीक्षक आणि ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर, तुमच्या कानात त्याचा आवाज. पन्नासच्या वेगातून कचकन ब्रेक मारून दाखवा, शंकूंमधून नागमोडी काढा, माणूस चालतो तेवढ्या वेगाने पाय न टेकता सरळ चालवा. पहिल्या वेळी मी नापास झालो. का? वळताना खांद्यावरून मान फिरवून मागे पाहिलं नाही म्हणून. दोनदा नाही पाहिलं, एवढंच. आरसा आहे ना, असं मी म्हणालो. परीक्षक म्हणाला, आरशात न दिसणारी गाडीच तुम्हाला मारते.

रात्रभर चडफडलो. मग आठवलं, माझं भारतातलं लायसन्स कसं निघालं होतं ते. कुठल्या आरटीओत ते सांगत नाही. एजंटने सांगितलं होतं, आठचा आकडा काढताना पाय टेकला तरी चालेल, साहेबांकडे बघून हसा. मी हसलो आणि पास झालो. त्या अकरा वर्षांत मी कितीदा खांद्यावरून मागे पाहिलं असेल? शून्य वेळा. तेव्हा दुसऱ्यांदा पैसे भरताना मी कुरकुर केली, पण त्या परीक्षेच्या विरोधात एक शब्द बोलणार नाही.

बाकीच्या कटकटी पटापट सांगतो. दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी. सायलेन्सर, आरसा, हँडल, काहीही परवानगीशिवाय बदललेलं सापडलं की गाडी नापास. कोपऱ्यावरचा मेकॅनिक हा प्राणी इथे नाही, वर्कशॉपचा तासाचा दर ऐकून मीच क्लच केबल बदलायला शिकलो. तेही रविवारी ठोकाठोक न करता, कारण रविवार शांततेचा. ट्रॅफिक तुंबला तर दोन गाड्यांच्या मधून पुढे काढायची नाही. पस्तीस डिग्रीत अंगात जाड जॅकेट घालून कारवाल्यांच्या रांगेत कारवाल्यासारखं उभं राहायचं. (पुण्यात सिग्नलला फटीतून सर्वात पुढे जाऊन उभं राहणाऱ्या माणसाला ही खरी काळ्या पाण्याची शिक्षा.) हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाडी झाकून ठेवायची. त्यासाठी वर्षातले ठरावीक महिनेच चालणारी नंबर प्लेटसुद्धा मिळते, त्या प्लेटवर महिने छापलेले असतात.

हे सगळं मी सहन करतो, कारण यातला प्रत्येक नियम मी काय करतो ते पाहतो. मागे पाहिलं का, ब्रेक लागतो का, आवाज किती. मी चुकलो तर मला दंड. माझा राग आहे तो दुसऱ्या जातीच्या नियमांवर. तू काय केलंस ते न बघता, तू कशावर बसलास एवढंच बघणाऱ्या.

असे नियम इथेही आहेत, बरं का. फ्रायबुर्गजवळ शाउइन्सलांडचा डोंगर आहे. त्याचा घाट म्हणजे मोटरसायकलवाल्याचं पंढरपूर. पण उन्हाळी हंगामात शनिवार-रविवारी तिथे मोटरसायकलला बंदी. कार चालते, मोटरसायकल नाही. २०२० च्या जूनमध्ये शेजारच्या ऑस्ट्रियात, टिरोलच्या काही रस्त्यांवर, गाडीच्या कागदावर उभ्या गाडीचा आवाज ९५ डेसिबलच्या वर छापलेला असेल त्या मोटरसायकलींना बंदी आली. कंपनीतून आलेल्या मूळ सायलेन्सरसकट. तुम्ही कितीही हळू चालवा. त्याच वर्षी १५ मे रोजी जर्मनीच्या बुंडेसराटने, म्हणजे राज्यांच्या सभागृहाने, ठराव केला की आवाजाच्या त्रासासाठी रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मोटरसायकलबंदी घालता यावी. जुलैत ठिकठिकाणी हजारो लोक बाईक घेऊन रस्त्यावर उतरले आणि त्या वेळच्या केंद्रीय वाहतूकमंत्र्यांनी, आंद्रेआस शॉयर यांनी, अशी बंदी आणणार नाही असं जाहीर केलं.

मला त्या घाटातल्या गावकऱ्यांचा राग येत नाही. येऊच शकत नाही. पुण्यात माझ्या बुलेटला मी 'फटाका' सायलेन्सर लावला होता. वरच्या मजल्यावरचे आजोबा एकदा खाली येऊन म्हणाले, "बाळ, तू रात्री साडेअकराला येतोस ते मला घड्याळ न बघता कळतं." मला तेव्हा ती शाबासकी वाटली होती! लाज वाटते आता. माझ्यासारख्यांना धरा, दंड करा, आपल्याकडे पोलीस रोड रोलर फिरवतात तसा सायलेन्सरवर फिरवा. पण जो शांतपणे चाललाय त्याला घरी का बसवता? कारण आवाज मोजायला पोलीस लागतो, यंत्र लागतं, वेळ लागतो. पाटीला काही लागत नाही. एकदा खांब रोवला की झालं.

आता आपल्याकडे या. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे, दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सी लिंक, बंदी. अटल सेतू, बंदी. समृद्धी, मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटर, बंदी. कर्नाटकात बंगळूर-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गावरही १ ऑगस्ट २०२३ पासून बंदी. देशातल्या नोंदणी झालेल्या दर चार वाहनांपैकी साधारण तीन दुचाकी आहेत, आणि राज्याने बांधलेल्या उत्तमातल्या उत्तम रस्त्यांवर नेमकी तीच चालत नाही. जर्मनीत माझी मोटरसायकल हा माझा छंद आहे. नाही चालवली तरी माझं पोट अडत नाही. तरी मला ऑटोबानवर कोणी अडवत नाही. आपल्याकडे ज्याचं पोट दुचाकीवर आहे त्याला खाली उतरवतात.

ऑटोबानचा नियम काय आहे ते नीट ऐका, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे. ज्या वाहनाचा कमाल वेग, म्हणजे बनावटीनेच, ताशी ६० किलोमीटरच्या वर आहे, ते ऑटोबानवर येऊ शकतं. चाकं किती, हा प्रश्नच नाही. पन्नास सीसीची मोपेड आत नाही, ट्रॅक्टर आत नाही, १२५ ची बाईक आत आहे.

"अरे पण आपली शंभर सीसी तिथे एकशेवीसच्या गाड्यांमध्ये चिरडली जाईल," असं मित्र म्हणाला. आक्षेप खरा आहे, मी उडवून लावत नाही. पण समृद्धीवर ट्रक काय एकशेवीसने जातात? इथे ट्रकला ८० ची मर्यादा आहे, आणि १२५ वाला उजव्या लेनमध्ये ट्रकच्या वेगाने मुकाट जातो. शंभर सीसी नको वाटते? नका घेऊ. १५० च्या वर घ्या, २०० च्या वर घ्या. आपल्याकडे २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाईकना एबीएस सक्तीचं आहे. एबीएस असलेलीच घ्या. दोघं बसलेले नको म्हणा. हेल्मेट, जॅकेट नसेल तर नाक्यावरून परत पाठवा. टोल घ्या, आनंदाने देऊ. ऑस्ट्रियात मी मोटरसायकलचा टोलचा स्टिकर विकत घेऊनच शिरतो. अट घाला, पण अशी घाला की माणसाला ती पूर्ण करता येईल. 'दोन चाकं' ही अट मी कशी पूर्ण करू? तिसरं चाक लावू? रिक्षालाही बंदीच आहे.

दुसरा युक्तिवाद सुरक्षेचा: "तुमच्याच जिवासाठी आहे." केंद्रीय वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल काढून बघा. त्या वर्षी देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हे पंचाहत्तर हजार कुठे गेले? बंदी असलेल्या रस्त्यांवर तर त्यांना पाय ठेवायची सोय नव्हती. ते गेले जिथे परवानगी आहे तिथे. समोरून येणारी एसटी, मध्येच वळणारा टेम्पो, खड्डा, आडवी गुरं, न रंगवलेला गतिरोधक. एक्स्प्रेसवेवर समोरून कोणी येत नाही, आडवं कोणी येत नाही. इथेही मोटरसायकलवाले सर्वाधिक मरतात ते गावांमधल्या दुपदरी रस्त्यांवर, ऑटोबानवर नाही. आणि १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस पेटून २५ माणसं जळाली, तेव्हा बसना बंदी घाला असं कोणी म्हटलं का? म्हणू नयेच. चालक, टायर, वेग, झोप, दारं यांची चौकशी व्हावी असं म्हटलं गेलं, आणि ते बरोबर होतं. तोच न्याय दुचाकीला लावताना मात्र आपली बुद्धी थकते.

हे मी इतकं चिडून का लिहितोय ते सांगतो. माझा मावसभाऊ वैजापूरला असतो, औषधांच्या कंपनीत एमआर आहे. १५० सीसीची बाईक, पाठीला बॅग, आठवड्यातून चार दिवस वैजापूर-संभाजीनगर. समृद्धी त्याच्या घरापासून जवळ आहे; येता-जाता पुलाखालून जातो, वरून गाड्या सुसाट जातात. गेल्या वर्षीच्या आधीच्या गळीत हंगामात, संध्याकाळी सातच्या सुमाराला, खालच्या रस्त्यावर तो उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला मागे दिवा नाही, साधा लाल कागदही नाही. उजव्या मांडीत रॉड, साडेचार महिने बिनपगारी. हेल्मेट होतं म्हणून तो आज फोनवर बोलतो. वरच्या रस्त्यावर असता तर वाचला असता का? छातीठोक नाही सांगत. पण वरच्या रस्त्यावर बिनदिव्याची उसाची ट्रॉली नसते एवढं नक्की.

आणि हेल्मेटवरून कोणी मला उलट विचारण्याआधी मीच कबूल करतो. पुण्यात सक्तीच्या विरोधात मोर्चे निघायचे तेव्हा मीही टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. मान दुखते, ऐकू येत नाही, केस गळतात, सगळं बोलून झालंय. जर्मनही काही आईच्या पोटातून शिस्त घेऊन आले नव्हते. इथे हेल्मेटची सक्ती १ जानेवारी १९७६ ला आली, पण न घातल्यास दंड नव्हता. दंड आला १९८० मध्ये, तेव्हा कुठे उरलेल्यांच्या डोक्यावर ते चढलं. म्हणजे माणसं सगळीकडे सारखीच, नियम नीट लिहिला आणि नीट राबवला की वळतात. आपण मात्र हेल्मेटवर अजून १८ टक्के जीएसटी घेतो आणि वर सुरक्षेचं भाषण देतो.

मित्राने शेवटी लिहिलं, "आपले लोक लायक नाहीत रे, लेन पाळत नाहीत." मग लायसन्स देताना बघा की! तिथे साहेबांकडे बघून हसणाऱ्याला पास करायचं, आणि मग हा नालायक म्हणून त्याला चांगल्या रस्त्यावरून हाकलायचं. आणि लेन न पाळणारे कारवाले समृद्धीवर कमी आहेत का? ते चार चाकांवर आहेत म्हणून लायक?

माझं मागणं लहान आहे. समृद्धीचा एक टप्पा घ्या, वैजापूर ते संभाजीनगर घ्या, एक वर्ष एबीएसवाल्या, १५० सीसीच्या वरच्या बाईकना दिवसा उजेडी डाव्या लेनमधून सोडा. मोजा. माणसं मेली तर बंद करा, मी स्वतः इथे येऊन माझी चूक लिहीन. पण आधी मोजा. तुमच्या आमदाराला हे विचारा, निवडणुकीत तो बाईक रॅली काढतो ना, त्या दिवशीच विचारा.

भावाने गेल्या महिन्यात पुन्हा फिरती सुरू केली. मी इथून त्याला आत पॅड असलेलं जॅकेट पाठवलंय. काल फोन आला होता, म्हणाला, "दादा, जॅकेट मस्तच आहे, फक्त गरम फार होतं. आणि ट्रॉल्या परत सुरू झाल्यात."