आजीला लिंबूटिंबू करू नका

'डॉक्टर, मेंदूला व्यायाम म्हणून आईंना लुडो खेळायला बसवू का?' विस्मरणाच्या तक्रारीसाठी आलेले बरेच नातेवाईक हे विचारतात. माझे मत सांगतो. जरूर बसवा, पण औषध म्हणून नको, आणि त्या जिंकाव्यात म्हणून मुद्दाम हरणे तर मुळीच नको.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील ७५ वर्षांवरच्या ४६९ लोकांचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पटावरचे खेळ खेळणाऱ्यांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचे (डिमेन्शियाचे) प्रमाण कमी आढळले. वाचणाऱ्यांत, वाद्य वाजवणाऱ्यांत आणि नाचणाऱ्यांतही तसेच दिसले. पण विस्मरणाची सुरुवात झालेला माणूस आधी खेळ सोडतो, हेही खरे. त्यामुळे लुडोने स्मृतिभ्रंश टळतो असे मी म्हणणार नाही. 'स्मरणशक्ती वाढवणारा' असे छापलेला महागडा खेळ घेऊ नका. कोपऱ्यावरच्या दुकानातला पट पुरतो.

मग फायदा कशाचा? चार माणसे समोरासमोर बसतात त्याचा. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण बदलता येण्याजोग्या १४ गोष्टी दिल्या आहेत. एकटे पडणे, ऐकू कमी येणे आणि उपचाराविना राहिलेली अधू नजर या तिन्ही त्यात आहेत. मोबाइलवरच्या लुडोत घरे फोनच मोजतो, सोंगटीही तोच सरकवतो. माणसाला करायला उरते काय?

आता मुद्दाम हरण्याविषयी. लहानपणी ज्याच्यावर राज्य येत नाही असा एक लिंबूटिंबू असायचा, आठवतो? घरातल्या वडीलधाऱ्यांचे आपण प्रेमापोटी तेच करतो. आजीच्या तावडीत आलेली सोंगटी कोणी मारत नाही, चुकली तरी सगळे 'वा वा' करतात. विसराळू माणसालाही आपली कीव केली जातेय हे कळते. नाव आठवले नाही तरी अपमान जाणवतो. नातवाची घरापाशी पोचलेली सोंगटी मारून त्याला चिडवण्याचा आनंद आजीलाही हवा असतो, आणि पुढच्या डावात त्याने वचपा काढण्याचाही.

खेळ सोपा करायचा तर सगळ्यांसाठी करा. सहा पडायची वाट न पाहता प्रत्येकाची एक सोंगटी बाहेर ठेवा. लुडोत कोणती सोंगटी हलवायची हे ठरवावे लागते. ते जड जात असेल तर सापशिडी घ्या. तिथे नशीबच सगळे ठरवते, त्यामुळे पाच वर्षांचा नातू आणि ऐंशीची आजी बरोबरीत येतात. मोजणीत चूक झाली तर 'आजी, पाचच घरं' एवढे म्हणा आणि पुढे चला. परीक्षा घेऊ नका.

पटावर काही गोष्टी लवकर लक्षात येतात. ठिपके दिसत नसतील तर मोतीबिंदू तपासा. पाळी आल्याचे ऐकू येत नसेल तर कान तपासा. वर्षानुवर्षे सराईतपणे खेळणारी व्यक्ती वारंवार दुसऱ्याची सोंगटी हलवू लागली, तर डॉक्टरांना भेटा. 'वय झालं' म्हणून सोडू नका. थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता अशी उपचार होणारी कारणेही असतात. हा गोंधळ एक-दोन दिवसांतच सुरू झाला असेल, तर त्याच दिवशी दाखवा. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणे किंवा नवे औषध हे कारण असू शकते.

गुडघे दुखत असतील तर पट टेबलावर मांडा, भरपूर उजेडात. हात कापत असेल तर फासा वाटीत खुळखुळवून टाकू द्या, आणि तोच नियम नातवालाही लावा.